सकाळी तापलेलं बॉनेट

१

हरकतकाकांची गाडी सकाळी सुरू होत नसे, आणि हरकतकाका सकाळी एकदा सुरू झाले की थांबत नसत. गल्लीला या दोन्हींची सवय होती.

त्यांना हे नाव का पडलं हे शोधायला फार खोलात जायला नको. सभेत, रांगेत, दुकानात, दवाखान्यात, कुठेही ते उभे राहत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "माझी हरकत आहे." कशाला, ते नंतर ठरायचं. रागाला भांडवल लागत नाही, त्यामुळे या एका व्यवहारात त्यांना आयुष्यात कधी खोट आली नव्हती.

खरा धंदा मात्र झाडांचा होता. बँका, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, थोडक्यात जिथे ऊन पोचत नाही पण काहीतरी हिरवं असावं असं साहेबांना वाटतं, तिथे हे दोघे नवरा-बायको भाड्याने कुंड्या ठेवत. झाडं जगवायच्या काकू, पोचवायचे काका. आठवड्याने मलूल झालेली कुंडी उचलायची आणि तिच्या जागी त्याच जातीची, त्याच उंचीची टवटवीत कुंडी ठेवायची. बदल इतका बेमालूम की साहेबाला वाटावं, आपलं झाड कधी मरतच नाही.

"माणसांना अशी सोय नाही," काकू झारीने पाणी घालता घालता म्हणायच्या. "नाहीतर यांना केव्हाच मागच्या अंगणात ठेवून दुसरे आणले असते."

"त्याच उंचीचे मिळणार नाहीत," काका म्हणायचे.

"उंचीचं काही नाही हो. मातीच जरा बदलून हवी होती."

घर दुमजली होतं. खाली गाडीची शेड, वर दोन खोल्या, बाहेरून चढणारा लोखंडी जिना. आतली खोली काकूंची. तिची जमीन म्हणजेच शेडचं छत, जुन्या लाकडी फळ्यांचं. पुढची खोली काकांची, कारण ते घोरत. आपण घोरतो यालाही त्यांची हरकत होती, पण त्या एका बाबतीत त्यांना साक्षीदार मिळाला नव्हता.

गाडी म्हणजे जुनी पेट्रोल पिकअप. तिचा रंग पूर्वी कोणतातरी असावा. रोज सकाळी काका शेडचं दार उघडत, सीटवर बसत, चोक पूर्ण बाहेर ओढत, ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबून सोडत आणि सेल्फ मारत. थंड इंजिनाला चोक द्यायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं आणि ते धरतं, हे त्यांना गाडी शिकवणाऱ्याने तरुणपणी सांगितलं होतं आणि त्यात बदल करण्याचं कारण त्यांना कधी दिसलं नव्हतं. गाडीही मुकाट्याने सुरू होत आली होती. गेल्या काही महिन्यांपासून मात्र ती नुसतीच घुरघुरायची. पेट्रोलचा वास शेडभर पसरायचा. अर्ध्या तासाने कशीबशी धरली तरी एका लयीत चालायची नाही. आवाज चढायचा, उतरायचा, दम्याच्या माणसासारखी ती धापा टाकायची आणि पहिल्याच सिग्नलला मान टाकायची. मागून हॉर्न वाजायचे. काका उतरायचे आणि मागच्या प्रत्येकाला त्याच्या हॉर्नबद्दल जाब विचारायचे.

गाडी सुरू होवो न होवो, त्यांचा राग मात्र पहिल्या सेल्फला सुरू व्हायचा. त्याला कधी चोक लागला नव्हता.

२

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गाडी हात लावताच सुरू झाली.

"बघा," मिस्त्री म्हणाला.

"बघा काय? दात आणि गाड्या सारख्याच. डॉक्टरसमोर दुखत नाहीत. म्हणून दुखत नव्हते असं होतं का?"

"काका, मी कुठे काय म्हणालो?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

मिस्त्री चांगला होता आणि काकांच्या तोंडाची त्याला सवय होती. त्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, जेट फुंकले. काळे पडलेले प्लग बदलले. कुठूनतरी गाडी हवा चोरत असेल म्हणून रबरी नळ्या नव्या घातल्या, गॅस्केट बदललं. शेवटी कान इंजिनाकडे करून, स्क्रू केसभर इकडे केसभर तिकडे फिरवत त्याने स्लो बसवला, म्हणजे पाय न लावता गाडी जशी उभ्या उभ्या चालते तो वेग. गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली. काकांनाही हरकत घ्यायला जागा राहिली नाही, आणि त्यामुळे ते जरा हिरमुसलेच.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. घुरघुर, पेट्रोलचा वास, धापा.

असं तीन-चारदा झालं. प्रत्येक वेळी गाडी मिस्त्रीकडे शहाण्यासारखी वागायची आणि घरी आली की पहिले पाढे पंचावन्न. काकांनी नळीचं दुकान, प्लगचं दुकान, पेट्रोलपंप आणि रस्त्यावरचे खड्डे या सर्वांना क्रमाक्रमाने दोषी ठरवलं. पंपावर तर ते बाटलीत पेट्रोल धरून, उन्हासमोर नेऊन भांडले. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, पेट्रोल संपतंय लवकर म्हणता, आणि खराब आहे म्हणता. खराब असतं तर इतकं प्यायली असती का?"

कारण पेट्रोलही संपत होतं. टाकी भरावी आणि दोन फेऱ्यांत काटा खाली यावा. काटा खाली येत होता, पण किलोमीटरचा आकडा तेवढा पुढे जात नव्हता. हेही काकांनी पंपाच्याच माथी मारलं.

याच दिवसांत काकूंचं डोकं दुखायला लागलं होतं. सकाळी उठल्या की डोकं दगडासारखं जड, जीव मळमळायचा. घडी केलेला ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून त्या उशिरापर्यंत पडून राहायच्या. दुपारपर्यंत झाडांत गेल्या की बरं वाटायचं.

"झाडांत राहत जा," काका म्हणायचे. "घरात मी असतो म्हणून दुखतं असं म्हणायचंय ना?"

"मी काही म्हटलं का?" काकू रुमालाखालून म्हणायच्या. पण पूर्वी हेच वाक्य त्या कुरकुरत म्हणायच्या, हल्ली त्यात हसू असायचं. काकांना ते हसू खटकलं. पण हसण्याला हरकत कशी घ्यावी हे न सुचल्याने त्यांनी ते सोडून दिलं.

३

शेवटी मिस्त्रीच घरी यायला तयार झाला. "रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करताना मला बघू दे. माझ्याकडे येईपर्यंत ती गरम झालेली असते, मला रोग दिसत नाही."

सकाळी तो आला. काकांनी शेडचं दार उघडलं, सीटवर बसले, चोक ओढला, पाय मारला, सेल्फ मारला. घुरघुर. पुन्हा. घुरघुर.

मिस्त्रीने बॉनेट उघडण्यासाठी हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"काका, कुठे जाऊन आलात?"

"कुठे जाणार? तुझीच वाट बघत होतो."

"मग ही तापलीय कशी?"

काका उतरले. त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला. उन्हात तापलेल्या पत्र्याची ऊब वेगळी असते. ही आतून येत होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. शेडमध्ये ऊन येतच नव्हतं.

"तरीच म्हटलं!" मिस्त्रीने मांडीवर थाप मारली. "गाडीत काही नाही. तुम्ही गरम इंजिनाला चोक देताय. थंडीचं औषध तापावर! पेट्रोल नको तितकं चढतं, प्लग भिजतात, मग कशी धरेल? सरका." तो सीटवर बसला, चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि सेल्फ मारला. एक काळा ढेकर देऊन गाडी सुरू झाली. "मघाशी चालवून आणलीत आणि विसरलात. होतं काका, वय झालं की."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते त्या क्षणी काकांकडे पाहून कोणालाही कळलं असतं. "मी विसरलो? किल्ली माझ्या उशाखाली होती! मी आत्ता उठलोय! दात घासलेले नाहीत मी अजून!"

वरची खिडकी उघडी होती. काकूंचा आवाज आला, पडल्या पडल्या बोलल्यासारखा. "अहो, ओरडताय काय? मघाशी तुम्हीच नाही का गरम करून ठेवलीत? रोजच ठेवता."

मिस्त्रीने खाली मान घालून, हसू दाबत, हत्यारं गोळा केली.

४

"रोज म्हणजे?" वर येऊन काकांनी विचारलं.

काकू पलंगावर होत्या, डोळ्यांवर रुमाल. "रोज म्हणजे रोज. उजाडताना खाली जाता, गाडी लावता. किती वेळ छान एका लयीत चालू असते. मला त्या आवाजाने गुंगी येते. मग वर येता, इथे पायाशी बसता आणि विचारता, डोकं कसं आहे."

"मी?"

"नाहीतर कोण? मी म्हणते जड आहे. तुम्ही म्हणता, पड निवांत, घाई नाही. कपाळावर हात ठेवता. पेट्रोलचा वास येतो हाताला, पण बरं वाटतं."

बायकोचं डोकं कसं आहे हे आपण शेवटचं कधी विचारलं, हे काकांना आठवेना. 'घाई नाही' हे शब्द तर त्यांच्या तोंडून जन्मात निघाले नसतील. शिवाय त्यांचा उजवा गुडघा दर पायरीला कटकन वाजायचा, आणि ते उजाडताना जिना उतरून चढले असते तर तो त्यांना स्वतःलाच जागं केल्याशिवाय राहिला नसता.

"तू बघितलंस मला?"

"डोळ्यांवर हे आहे ना. आणि बघायचं काय त्यात? आवाज ओळखत नाही का मी? गुडघासुद्धा वाजतो."

झोपेत चालणारी माणसं असतात. काकांनी हे वाचलेलं होतं आणि वाचलेल्या गोष्टींवर त्यांचा कुटुंबापेक्षा जास्त विश्वास होता. आपण झोपेत चालतो, ठीक. झोपेत गाडी लावतो. तेही एक वेळ ठीक. पण झोपेत आपण सज्जन होतो, हे मात्र त्यांच्या बुद्धीला पटेना.

खाली जाऊन त्यांनी गाडी तपासली. सीट जागेवर होती. गिअर न्यूट्रलमध्ये. फक्त आरसा वेगळा होता. मागचा रस्ता दाखवणारा छोटा आरसा कोणीतरी वर उचलून तिरका केला होता. काका सीटवर बसले आणि त्यात पाहिलं. त्यात शेडचं छत दिसत होतं. दोन फळ्यांमधली बोटभर फट, आणि फटीतून खाली लोंबणारी, काकूंच्या पलंगावरच्या चादरीची कड.

"माझ्या आरशाला हात कोणी लावला?" काका मोकळ्या शेडमध्ये ओरडले. रागाचा एक फायदा त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. माणूस रागावलेला असला की त्याला भीती वाटत नाही.

५

संध्याकाळी त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर काढला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण ठिणगी कोणत्या प्लगला जायची ते तोच ठरवतो. रोटरशिवाय गाडी म्हणजे जिभेशिवाय भाषण. तो घरात ठेवला तर आपणच झोपेत परत बसवू, म्हणून ते चालत जाऊन मिस्त्रीच्या हातात देऊन आले.

"काका, कशासाठी?"

"तुला म्हातारा विसरतो असं वाटतंय ना? उद्या सकाळी घेऊन ये. तुझ्या हाताने."

घरी येऊन काकूंना म्हणाले, "उद्या मी आलो, म्हणजे कोणी आलं, की रुमाल काढून बघ."

"बरं."

सकाळी मिस्त्री आला तेव्हा काका शेडच्या दाराशी उभे होते. त्यांनी अजून हात लावला नव्हता. त्यांना साक्षीदार हवा होता, आणि खरं सांगायचं तर एकट्याने हात लावायचा नव्हता. मिस्त्रीने खिशातून रोटर काढून दाखवला. मग थट्टेने, लहान मुलाचा ताप बघावा तसा, उलटा हात बॉनेटवर ठेवला.

त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा एकदम गेली नाही. ती तशीच राहिली, फक्त तिच्या आतला माणूस निघून गेला. त्याने खाली वाकून सायलेन्सरजवळ बोट नेलं, मागे घेतलं. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटरची जागा रिकामी होती. मोकळ्या दांड्यावरून धूर नव्हे, पण उष्णतेची हवा थरथरत वर चढत होती.

"असं होत नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग हे काय आहे? बोल की! इतके महिने स्क्रू फिरवत होतास ना?"

मिस्त्रीने रोटर बॉनेटच्या कडेवर ठेवला. "चहा घेऊन जा," म्हटलं तर नको म्हणाला. फाटकापाशी थांबून तो एवढंच म्हणाला, "काका, ही परत माझ्याकडे आणू नका. आणि काकूंना त्या खोलीत झोपवू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू राहिलं तर त्याचा धूर वर जातो. तो दिसत नाही, वासही येत नाही धड. माणूस झोपेतच जातो."

काकांना हे आधी सुचलं नव्हतं, याचा त्यांना इतका संताप आला की फाटक धरूनच ते काही वेळ उभे राहिले. मग जिना चढून वर गेले.

"बघितलंस?"

काकू रुमालाखाली होत्या. "नाही."

"का? सांगितलं होतं ना!"

"हात नेला होता रुमालाकडे," त्या हळूच म्हणाल्या. "मग नाही काढावासा वाटला."

६

डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि विचारलं, "खोली बंद करून शेगडी वगैरे पेटवता का?"

"शेगडी पेटवायला आम्ही काय वेडे आहोत?" काका म्हणाले. "हा काय प्रश्न झाला? माझी हरकत..."

"अहो," काकू म्हणाल्या. बाईंनी शांतपणे सांगितलं, की मोकळ्या हवेत झोपवा, त्या खोलीत नको. हे असंच चाललं तर एखाद्या सकाळी उठवायला जाल आणि त्या उठणार नाहीत.

परतताना काका एरवी डॉक्टरीणबाईंवर बोलले असते. आज घरी येताच ते पलंग पुढच्या खोलीत ओढू लागले. काकूंनी दुसऱ्या टोकाला धरलं. उचलायला नव्हे, अडवायला.

"मी इथेच झोपणार."

"ऐकलंस ना बाई काय म्हणाल्या? मरायचंय?"

"बघा, कसं बोलता."

"मग कसं बोलू?"

"तसं बोला," काकू म्हणाल्या. "सकाळी बोलता तसं." त्यांचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला या घरात घाई नाही म्हणालं. तेही तुम्हाला नको?"

"तो मी नाही!"

"ते मलाही कळतंय हो हळूहळू."

काकांनी पलंग सोडला. परक्या माणसाला हाकलता येतं, पोलिसांत तक्रार देता येते, चोर म्हणून आरडाओरडा करता येतो. पण आपल्याच आवाजात, आपल्याच वाजणाऱ्या गुडघ्याने जिना चढून कोणी आपल्या बायकोशी आपल्यापेक्षा बरा वागत असेल, तर तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवायची? आणि तिच्यात लिहायचं तरी काय?

उरली गाडी. गाडीवर राग काढता येत होता.

त्यांनी दुपारीच भंगारवाल्याला बोलावलं. दोर लावून गाडी ओढत नेली. काका सोबत गेले आणि गॅसकटरची निळी जीभ बॉनेटमधून आरपार जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. इंजिन साखळीने वर उचललं, खाली आपटलं. कामगारांनी चाकं काढली, दारं काढली. आरसा मात्र काकांनी स्वतः उपटला आणि बुटाच्या टाचेने फोडला.

"काका, काच कशाला फोडता?" भंगारवाला म्हणाला. "अशाने कोणाच्या पायात जाईल."

"माझी काच आहे!" काका म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांना बरं वाटलं. आज काकूंना पुढच्या खोलीत आणायचं, आणि सकाळी आपणच विचारायचं, डोकं कसं आहे. त्यात काय आहे? तीन शब्द. परतीच्या वाटेवर त्यांनी ते मनात म्हणून पाहिले. जरा खडबडीत वाटले, पण सवयीने गुळगुळीत होतील.

७

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत होते. आणि एक आवाज येत होता.

काका थांबले. पहिल्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं ते सांगायला हवं, कारण ते खरं आहे. त्यांच्या मनात आलं, वा! काय स्लो बसवलाय! चढ नाही, उतार नाही, एक ठोका चुकत नाही. ज्याच्यासाठी ते महिनोन् महिने भांडले, तो हाच आवाज. मांजर पोटाशी पाय घेऊन झोपावं तसा.

मग त्यांना कळलं, तो कुठून येतोय.

शेडचं दार बंद होतं. त्यांनी कडी ओढली. आतून लागलेली होती. दाराखालच्या फटीतून निळसर, विरळ काहीतरी त्यांच्या बुटांवर येत होतं.

"कोण आहे आत?" त्यांनी दारावर मुठी मारल्या. "बाहेर निघ! कोणाच्या परवानगीने? दार उघड!"

वरची खिडकी लावलेली होती. तिच्या आडून काकूंचा झोपाळलेला आवाज आला. "अहो, झाली का सुरू?"

काकांनी उत्तर द्यायला मान वर केली. त्यांच्या आधीच शेडच्या आतून उत्तर आलं. त्यांच्याच गळ्यातून यावं तसं, पण त्यात कुठे खरखर नव्हती, कुठे घाई नव्हती.

"झाली गं. तू पड निवांत."

काका जिन्याकडे धावले. वर दोन्ही खोल्यांची दारं लोटलेली होती. आतल्या खोलीत हवा जड होती आणि काकू पलंगावर उताण्या होत्या. गाल लाल, डोळ्यांवर रुमाल, ओठांवर ते हसू. काकांनी खिडकी उघडायला घेतली, खिट्टी हलेना. त्यांनी काकूंच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं, हाका मारल्या. हाका म्हणजे काय, 'अगं, अगं', दुसरी हाक त्यांनी तिला कधी मारलीच नव्हती.

"ऊठ! बाहेर चल! ऊठ म्हणतो ना!"

काकूंनी रुमाल काढला नाही. त्यांनी चाचपडत काकांचा हात धरला आणि लहान मुलाला समजवावं तसं कुजबुजल्या, "ओरडू नका हो. ते खाली आहेत ना. त्यांना ऐकू जाईल."

काका जमिनीवर बसले की पडले, त्यांनाही सांगता आलं नसतं. फळ्यांमधली फट त्यांच्या डोळ्यासमोर आली. खाली अंधार होता. त्या अंधारात, जिथे आता गाडी नव्हती, जिथे काहीच नसायला हवं होतं, तिथे एक छोटा लांबट आरसा तिरका होऊन वर पाहत होता. आरशात दोन डोळे होते. चष्मा कपाळावर चढवलेला. डोळे त्यांचेच होते. त्यांत राग नव्हता, वाईटपणाही नव्हता. आठवडा भरला की काकू बँकेतल्या कुंडीकडे ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने ते काकांकडे पाहत होते. थोडं वाईट वाटून. आता ही कुंडी मागे नेऊन ठेवायला हवी, एवढंच.

मग इंजिन बंद झालं. कोणी काळजीपूर्वक बंद करावं तसं, एक हलकी रेस देऊन.

जिन्यावर पावलं वाजू लागली. सावकाश. दर पायरीला एक गुडघा कटकन वाजत होता. काकूंनी उशीवरचं डोकं दाराकडे वळवलं आणि मोकळ्या हाताने केस सारखे केले.

काकांना ठाऊक होतं, आता काय करायचं. उभं राहायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं. त्यांनी तोंड उघडलं. आत कुठेतरी घुरघुर झाली. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा घुरघुर. आयुष्यात पहिल्यांदाच राग सुरू होत नव्हता, आणि पावलं दाराशी येऊन थांबली होती.

"अगं," बाहेरून कोणीतरी मायेने विचारलं, "डोकं कसं आहे?"